मादामबाई भिंत बघायला येतात

फ्रेमच्या दुकानात एक कोपरा असा असतो, की तिथं नुसते तुकडे साठतात. प्रत्येक पट्टी कापली की टोकाला वीतभर लाकूड उरतंच. ते टाकवत नाही आणि कामालाही येत नाही. एक पिंप भरतं, मग शेजारी दुसरं ठेवावं लागतं. किश्श्यांचं तसंच आहे. टोरांटोला लागून असलेल्या वॉनमध्ये गोडाउनांच्या रांगेत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, आणि आल्यागेल्याला चहा पाजायची मला खोड. त्यामुळे गिऱ्हाईक फ्रेम घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं!

त्यातलं एक आख्खं पिंप एकट्या मादाम ओदेत यांचं आहे.

मादाम फ्रेंच. चित्रकार, शिवाय कलेच्या इतिहासाच्या प्राध्यापक. उभी हयात ओटाव्याला शिकवण्यात गेली, दुसऱ्यांच्या चित्रांवर उशीला घेता येतील एवढी जाड पुस्तकं लिहिली. रिटायर झाल्यावर आमच्या दुकानाच्या जवळ राहायला आल्या. माझी बायको सुनंदा त्यांना 'मादामबाई' म्हणायची. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं मिरजेच्या. पण अडलं कधीच नाही!

* * *

पहिल्यांदा आल्या तेव्हा काखेत चादरीत गुंडाळलेलं चित्र होतं. दाराशी बुटांवरचा बर्फ झटकला आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता थेट भिंतीवरच्या गणपतीकडे गेल्या. मला वाटलं, बाई भाविक दिसतात. तर त्यांनी गणपती दोन्ही हातांनी उतरवला, उलटा केला आणि त्याची पाठ बघत उभ्या राहिल्या.

काउंटरवरून सुनंदा ओरडली, "अहो, ती बाई देवाला पालथं घालतेय!"

मी धावलो. म्हटलं, "मादाम, देव पलीकडच्या बाजूला आहे."

"देव दिसला मला. आता तुम्हाला बघतेय."

मागं टेप वाकडी, एक खिळा आत, एक बाहेर. त्या म्हणाल्या, "समोरून सगळेच सभ्य असतात, मस्यू. फ्रेम करणारा माणूस पाठीमागून कळतो."

मिरजेला देवांच्या तसबिरी मढवत मी हा धंदा शिकलो. तिथं पाठ बघायला कधी कुणी आलं नव्हतं. पण दुकानदार असा गप्प बसला तर दुकान कसं चालायचं? म्हटलं, "मादाम, हा गणपती माझा स्वतःचा. घरचं काम असंच असतं. आता गिऱ्हाइकाचं बघा." आणि डिलिव्हरीला तयार असलेली एक फ्रेम उलटी करून समोर धरली. टेप सरळ, कोपरे बंद, तार ताठ.

त्यांनी बोट फिरवलं. "बॉं," म्हणाल्या. म्हणजे बरं आहे.

मग मी जरा जोरात आलो. माझ्याकडची सगळ्यात भारी सोनेरी पट्टी त्यांच्या चित्राला लावून दाखवली.

"मस्यू," त्या म्हणाल्या, "हे चित्र आहे. लग्नाचा हॉल नाही!"

साधी मेपलची पट्टी ठरली. गिऱ्हाईक मात्र पक्कं झालं.

* * *

एकदा त्यांच्या गाडीतून हायवेनं येत होतो. मागच्या सीटवर फ्रेमा, पुढं मी जीव मुठीत धरून. फ्रेंच माणसाच्या शेजारी बसून कॅनडाच्या थंडीत प्रवास केलात, तर देव आठवण्यासाठी वेगळं देवळात जावं लागत नाही.

दुपार कलली होती. अचानक बाईंनी गाडी कडेला घेतली आणि उतरल्या. मला वाटलं, टायर गेला. बघतो तर या नुसत्या शेतातल्या बर्फाकडे बघत उभ्या!

मागं लाल-निळे दिवे आले. पोलीस ऑफिसर चांगला दारात मावणार नाही एवढा.

"मॅम, इथं थांबता येत नाही. काय प्रॉब्लेम आहे?"

"ऑफिसर, त्या बर्फाचा रंग कोणता?"

"पांढरा."

"मग तिकीट फाडा. पण आधी एकदा नीट बघा. बघूनही पांढराच दिसला तर मी तक्रार करणार नाही."

मी आत बसून हात जोडले. कुणाला, ते माझं मलाच माहीत नाही. ऑफिसर कमरेवर हात ठेवून बघायला लागला. गाड्या सूं सूं जात होत्या. बराच वेळ बघून तो खालच्या आवाजात म्हणाला, "जांभळट आहे... नाही का?"

"आणि कुंपणाच्या सावलीत?"

"निळा. अरेच्चा!"

तिकीट काही फाडलं नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, "मॅम, पुढच्या वेळी एक्झिट घेऊन बघा."

मादामनी ते चित्र पुढं काढलं. जांभळा बर्फ, निळ्या सावल्या आणि अगदी कोपऱ्यात लाल-निळा एक ठिपका. लोक विचारायचे, तो ठिपका कसला? त्या सांगायच्या, "तो माझा एक विद्यार्थी."

* * *

त्यांचं आयुष्य मला चहाच्या कपागणिक कळलं. वडील फ्रान्सच्या एका खेड्यात पाव भाजायचे. ही मुलगी भट्टीतल्या कोळशानं घराच्या भिंती रंगवायची आणि मार खायची. पुढं पॅरिसला शिकायला गेली. तिथं तिच्या मास्तरांनी सगळी चित्रं बघून निकाल दिला, "मुली, तुझ्याकडे नजर आहे. हात नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग नजरेनं पोट भरलं, मस्यू. इतिहास शिकवला. हात फक्त रविवारी चालायचा, स्वयंपाकघरात."

"आणि स्वयंपाक?"

"नवरा करायचा. दुसरं काय करणार? ओट्यावर माझे रंग असायचे!"

नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. रविवार मात्र चालूच होता. तळघर चित्रांनी भरलेलं. पण एकाही गॅलरीत त्यांचं एकही चित्र लागलेलं नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या गॅलरीचे डायरेक्टरसाहेब त्यांना दरवर्षी व्याख्यानाला बोलवायचे, पहिल्या रांगेत बसून माना डोलवायचे. व्याख्यान झालं की मादाम आपल्या चित्रांचे फोटो त्यांच्यापुढं धरायच्या. साहेब मान जरा तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "व्हेरी इंटरेस्टिंग! वी विल बी इन टच."

हे ऐकल्यावर सुनंदानं कपाळावर हात मारला. "म्हणजे कळवतो म्हणाले!"

"ते काय असतं?" मादामनी विचारलं.

मग सुनंदानं त्यांना आमच्याकडचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम समजावून सांगितला, अगदी साभिनय. मुलाकडचे येतात. मुलगी बशीतून पोहे आणते. गाता येतं का, स्वयंपाक येतो का, उंची किती, सगळं विचारून होतं. पोहे संपतात. मग उठताना मुलाचा बाप चप्पल शोधत म्हणतो, "कळवतो."

"आणि कळवतात?"

"छे! ज्यांना मुलगी पसंत असते ते तिथंच दुसरी बशी मागतात!"

मादाम एवढ्या हसल्या की चहा सांडला. मग हा शब्द त्यांना शिकायचाच होता. "कलवतो."

"कलवतो नाही, कळवतो. जीभ मागं न्या. आणि तुम्ही म्हणणार असाल तर कळवते."

"कलवते." त्यांचा 'ळ' काही केल्या लागेना. मग त्यांनी विचारलं, "पण सुनंदा, मुली हे कधी म्हणतात?"

सुनंदा विचारात पडली. "आमच्या वेळी तरी कुणी म्हणाली नव्हती हो."

* * *

एका ऑक्टोबरात मादाम गाडी भरून चित्रं घेऊन आल्या. म्हणाल्या, "फ्रेमा काढून घ्या, मस्यू. चांगल्या आहेत, तुम्हाला परत वापरता येतील."

गुडघे जिना चढू देत नव्हते. घर विकायचं ठरलं होतं. वसंत ऋतूत त्या म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात राहायला जाणार होत्या. तिथं एक खोली, आणि खोलीला एक मोठी खिडकी. भिंत उरणार ती पलंगापुरती.

"आणि चित्रं?"

"कचऱ्याची गाडी मंगळवारी येते."

"गॅलरीवाल्यांना सांगितलंत?"

"कलवणार आहेत," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

सुनंदानं हातातला कप खाली ठेवला. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि परत ठेवला. मला चित्रातलं फार कळत नाही. फ्रेम विकायला चित्र कळावं लागत नाही, गिऱ्हाईक कळावं लागतं. पण बाई हात मागं बांधून उभ्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या दुकानातल्या एकाही फ्रेमची पाठ बघितली नव्हती.

मी म्हटलं, "मादाम, माल पडून राहिला तर दर वेळी मालाचा दोष नसतो. कधी कधी आपण चुकीच्या बाजारात उभे असतो. टोरांटोच्या भिंती भरलेल्या आहेत. मिल्टनच्या रिकाम्या आहेत!"

* * *

टोरांटोच्या बाहेर मिल्टनमध्ये तेव्हा रस्तेच्या रस्ते नव्या घरांचे उठत होते. आपली मंडळी धडाधड घरं घेत होती. नवं घर, नवा सोफा, वीतभर झाडं, आणि आत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोऱ्या पांढऱ्या भिंती. आमचा जोगळेकर त्यातलाच. पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, पोरगा सोन्यासारखा. तो दुकानात आला आणि नेमका मादामच्या देखत म्हणाला, "काका, एखादं मोठं पेंटिंग बघा ना. फक्त सोफ्याला मॅच झालं पाहिजे."

मी डोळे मिटले.

मादाम शांतपणे म्हणाल्या, "सोफा घेऊन या."

"सॉरी?"

"नाहीतर मी भिंत बघायला येते."

पुढच्या रविवारी आम्ही मिल्टनला. जोगळेकरच्या बायकोनं, मुग्धानं, पोहे केले होते. मादाम सोफ्यावर ताठ बसल्या आणि चौकशी सुरू झाली. "या भिंतीवर सकाळी ऊन येतं का? हिच्यासमोर कोण बसतं? शेजारी काय आहे?"

"समोर कुणी नाही बसत तसं," जोगळेकर चाचरत म्हणाला. "आम्ही सगळे बेसमेंटमध्येच असतो. टीव्ही तिथं आहे."

"ही भिंत नको."

जोगळेकरचा चेहरा एकदम मुलीच्या बापासारखा झाला. "मॅडम, अजून आहेत ना भिंती! वर या, वर दाखवतो!"

मादामनी सगळं घर फिरून बघितलं आणि जिन्यापाशी थांबल्या. तिथं जोगळेकरची मुलगी रेवा पायरीवर बसून स्नो-बूट चढवत होती. समोर अरुंद भिंत.

"इथं रोज बसतेस?"

"एव्हरी डे. मॉम ऑल्वेज येल्स हिअर."

"ही भिंत," मादाम म्हणाल्या. हायवेवरचा तो जांभळा बर्फ तिथं लागला.

रेवानं विचारलं, "डू आय हॅव टू लुक ॲट इट?"

"नाही. ते तुझ्याकडे बघेल."

पैसे घ्यायला मादाम तयार होईनात. विकायचं नाही, फेकायचं नाही, मग याला म्हणायचं काय? जोगळेकर गोंधळला. परतताना गाडीत सुनंदानंच सोडवणूक केली. "त्यात काय एवढं? चित्र नांदायला गेलं!"

* * *

आणि मग सासरी गेलेल्या लेकींचे हाल बघायला माहेरचं माणूस फिरतं, तशा मादाम मिल्टनमध्ये फिरायला लागल्या. एका चित्रामागून दुसरं. जोगळेकरकडे पाहिलं, की शेजाऱ्यांना आपल्याकडेही हवं! लोक स्वतःहून माझ्या दुकानात भिंतींचे फोटो घेऊन यायचे. मी पाठ तेवढी चोख करून द्यायचो. मादाम फोटो नाकारायच्या. "भिंत प्रत्यक्ष दाखवा!"

नागपूरच्या एका कुटुंबानं चित्र हौसेनं किचनमध्ये लावलं. मादाम न सांगता दारात हजर. आत गेल्या, चित्राला नाक लावलं.

"हा वास कशाचा?"

यजमानीणबाई हळूच म्हणाल्या, "हिंगाचा असेल. फोडणी समोरच होते ना."

मादामनी चित्र उतरवलं, कोटाच्या आत घेतलं आणि निघाल्या. यजमानीण रडकुंडीला आली, "अहो, कुठं नेताय?"

मी मागून म्हटलं, "वहिनी, काळजी करू नका. चार दिवस माहेरपणाला चाललंय."

ते चित्र आठवडाभरानं परत आलं, पुसून, हवा देऊन. तोवर त्या किचनमध्ये धूर ओढणारी चिमणी बसली होती. नवी कोरी!

* * *

आता शेवटचं.

जानेवारीत सुनंदाच्या डोक्यातून निघालं. म्हणाली, "संक्रांतीचं हळदीकुंकू प्रत्येक घरी होणारच आहे. प्रत्येक घरी एक चित्र आहेच. बायका घरोघर फिरतातच. आणखी प्रदर्शन काय वेगळं असतं?"

पहिल्या शनिवारी काय दृश्य होतं! वर जाडजूड जॅकेट, खाली पैठणी, त्याखाली स्नो-बूट. बायका रांगेनं या घरातून त्या घरात. कुंकू लावायचं, तिळगूळ घ्यायचा, वाण घ्यायचं, चित्र बघायचं, त्यावर भांडायचं आणि पुढचं घर. गोऱ्या शेजारणीही आल्या. तिथल्या लहानशा पेपराचा फोटोग्राफर येऊन गेला. मादाम प्रत्येक घरी खुर्ची टाकून बसत, आणि कपाळावर हे एवढं कुंकू!

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, हे आपल्या लोकांचं फार बरं आहे. फोटो छापून आला, आणि पुढच्या शनिवारी जोगळेकरच्या दारात एक उंच, रुपेरी केसांचे गृहस्थ उभे राहिले.

जोगळेकर दार उघडून म्हणाला, "वेलकम, सर! जेन्ट्स बेसमेंटमध्ये."

"मी चित्रं बघायला आलोय."

"सगळे तसंच सांगतात, सर! शूज इथं काढा."

मी बेसमेंटच्या दारातून डोकावलो आणि ओळखलं. मादामच्या व्याख्यानाच्या फोटोत पहिल्या रांगेत हेच असायचे. डायरेक्टरसाहेब! मी वर किचनमध्ये जाऊन सुनंदाच्या कानात सांगितलं. तिनं एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि मुग्धाला हाक मारली, "मुग्धा! कांदे चीर. पोहे भिजव. बघायला आलेत!"

तोवर मुग्धाच्या सासूबाईंनी सवयीनं साहेबांच्या हातावर तिळगूळ ठेवून वाणसुद्धा दिलं होतं. स्टीलची चहाची गाळणी. ती हातात धरून साहेब जिन्यापाशी आले आणि उभे राहिले. समोर जांभळा बर्फ.

रेवा पायरीवर होतीच. "नॉट फ्रॉम देअर," ती म्हणाली. "यू हॅव टू सिट. इट्स बेटर."

साहेब बसले. पोरीच्या शेजारी, पायरीवर, मोजे घालून, हातात गाळणी. मान तिरकी केली. मग सरळ केली. बायका वर-खाली जात होत्या, त्यांच्या डोक्यावरून पदर जात होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

सुनंदानं बशी हातात दिली. चित्राकडे बघता बघता त्यांनी ती रिकामी केली आणि म्हणाले, "कुड आय हॅव सम मोअर, प्लीज?"

जिन्यावरच्या, हॉलमधल्या, किचनमधल्या झाडून साऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग जे हसू फुटलं म्हणता! बेसमेंटमधून पुरुष धावत वर आले. साहेबांना काही कळेना.

तेवढ्यात मादाम पलीकडच्या घरातून आल्या. साहेब धडपडत उठले. "ओदेत, मी आज सगळी घरं फिरून आलो. मी आंधळा होतो. पुढच्या शरद ऋतूत मोठा हॉल तुमचा. सगळी चित्रं, फक्त तुमची. हो म्हणा."

सुनंदानं माझा दंड घट्ट धरला. ज्या एका वाक्यासाठी बाईंनी उभा जन्म वाट बघितली होती, ते असं जोगळेकरच्या जिन्यात, खोबरं-कोथिंबिरीच्या वासात म्हटलं गेलं होतं.

मादामनी आधी चित्राची तार तपासली. मग सोफ्यावर जाऊन बसल्या, अगदी ताठ, आणि साहेबांना समोरची खुर्ची दाखवली.

"तुमच्या भिंतीवर सकाळी ऊन येतं?"

"ऊन? नाही... दिवे असतात."

"समोर कोण बसतं?"

"कुणी बसत नाही. लोक चालत चालत बघतात."

"मुलं?"

"शाळेच्या ट्रिपला येतात. कधीकधी."

"या सगळ्यांनी चार दिवस लेकीला पाठवायचं तर मला त्यांना विचारावं लागेल," मादाम बायकांकडे हात करून म्हणाल्या. "आणि भिंत मी प्रत्यक्ष बघणार. पाठीमागूनसुद्धा."

"ऑफ कोर्स. केव्हाही. पण तुमचं उत्तर?"

मादामनी कपाळावरचं कुंकू एकदा चाचपलं, सुनंदाकडे बघितलं, जीभ व्यवस्थित मागं नेली आणि स्वच्छ, खणखणीत मराठीत म्हणाल्या,

"कळवते."

साहेबांनी एका हातात गाळणी, एका हातात भरलेली बशी, अशा अवस्थेत माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हटलं, "साहेब, पोहे गार होतायत!"